स्ट्रेच फिल्मची डाय मागवताना: रुंदीच्या आधी लिहायचे आकडे

रोलवर कडं पडत होतं. उजव्या कडेपासून वीतभर आत, बोटाला लागेल असा उंचवटा, प्रत्येक रोलवर त्याच जागी. ऑपरेटर स्टुलावर चढायचा, डायचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक फटीतून पडद्यासारखं सोडणाऱ्या पोलादी ठोकळ्याचा, एक बोल्ट आवळायचा. कडं विरायचं आणि दोन बोल्ट सोडून शेजारी नवं उगवायचं. तिसऱ्यांदा खाली उतरल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "भाऊ, ह्या डायमधी मुळातच काईतरी हुकलं हाये. बोल्टानं नाई होत हे."

त्याचं बरोबर होतं. ती डाय आम्ही फोनवर मागवली होती: "साडेबाराशे मिलिमीटरची, तीन थरांची." प्लास्टिकचा दाणा कोणता, ताशी किती किलो, फिल्म किती मायक्रॉनची, हे समोरच्यानं विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आली ती डाय कुठल्या तरी जाड शीटच्या ड्रॉइंगवरून कापलेली असावी. पोलाद चांगलं, क्रोम चकचकीत, फक्त आमच्या कामाची नव्हे.

अकोल्याच्या डाळ मिला, सोयाबीन तेलाचे डबे, वरूड-काटोलकडच्या संत्र्याच्या पेट्या, या सगळ्या मालाच्या थप्प्या आता पॅलेटवर फिल्म गुंडाळून जातात. म्हणून आपल्याकडच्या तालुक्याच्या एमआयडीसीतही कोणी ना कोणी लहान कास्ट लाइन (वितळलेला पडदा गार रोलवर सोडून फिल्म करणारी यंत्रं) टाकायचा विचार करतो. डाय तुम्ही बनवणार नाही, ती टूलरूम बनवेल. पण डायचा कागद तुमचा असला पाहिजे. तो कसा करायचा ते क्रमानं सांगतो. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो, म्हणजे आकडे जोडलेले राहतील.

पहिलं काम: फिल्म ठरवा, मग डाय

आपलं उदाहरण असं: २० मायक्रॉनची फिल्म, ५०० मि.मी. रुंदीचे दोन रोल शेजारी-शेजारी, दोन्ही बाजूंना ५० मि.मी. ट्रिम (कापून टाकायची कड). म्हणजे चिल रोलवर (पाण्यानं गार ठेवलेल्या रोलवर) फिल्म ११०० मि.मी. हवी. गरम पडदा डायमधून निघाला की आत आकसतो. दर बाजूला ७५ मि.मी. धरले तर डायची रुंदी १२५० मि.मी. येते. रुंदीचा आकडा असा शेवटी निघतो. आम्ही नेमकं त्यापासूनच सुरू केलं होतं.

थर तीन. चिकट बाजू १२ टक्के, मधला थर ७६, बाहेरची निसटती बाजू १२. मधल्या थराला ०.९१८ च्या आसपास घनतेचा, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतो तो आकडा) ३ च्या जवळपासचा एलएलडीपीई, म्हणजे एक प्रकारचं पॉलिथिलीन. चिकटपणा दोन प्रकारांनी येतो: पीआयबी (पॉलिआयसोब्युटिलीन, एक चिकट द्रव) मिसळून, नाहीतर कमी घनतेचा प्लास्टोमर (रबरासारखं मऊ पॉलिथिलीन) वापरून. पीआयबी हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि उष्णतेनं जास्त वेगानं येतो. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेला रोल उलगडताना कापड फाटल्यासारखा आवाज करतो तो यामुळेच, आणि त्याच कृतीचा रोल डिसेंबरात "चिकटतच नाही" म्हणून परत येतो. माझं मत प्लास्टोमरकडे झुकतं. महाग पडतो, पण आपल्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेवढा रंग बदलत नाही.

पाच थरांचा मोह पहिल्या लाइनला टाळा. तिसरा एक्स्ट्रुडर (दाणा वितळवून पुढे ढकलणारं यंत्र) नीट चालवता येत नसताना पाचवा घेऊन काय करणार?

दुसरं काम: पाच आकडे

ताशी १५० किलो धरू. कॅल्क्युलेटर घ्या.

एक, आकारमान. १५० किलो प्रति तास म्हणजे सेकंदाला ४१.७ ग्रॅम. वितळलेल्या एलएलडीपीईची घनता साधारण ०.७६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. भागलं की ५४.८ घनसेंटिमीटर प्रति सेकंद. गार दाण्याची घनता इथे घातली तर पुढचे सगळे आकडे चुकतात; ही चूक मी ड्रॉइंगवर पाहिली आहे.

दोन, लिप गॅप, म्हणजे डायच्या ओठांमधली फट. आपण ०.७ मि.मी. घेतली.

तीन, ओठांतला शिअर रेट, म्हणजे वितळलेल्या मालाचे पदर एकमेकांवरून किती वेगानं घसरतात तो आकडा. सूत्र सोपं आहे: ६ गुणिले आकारमान, भागिले रुंदी, भागिले गॅपचा वर्ग. ६ × ५४.८ ÷ (१२५ × ०.०७ × ०.०७) म्हणजे सुमारे ५४० प्रति सेकंद. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये आहेत, हे विसरू नका.

चार, ओठांपाशी वेग आणि ओढ. वितळ ओठांतून मिनिटाला ३.७६ मीटर वेगानं निघतो. फिल्मचं मीटरला वजन २०.२ ग्रॅम (१.१ मीटर × २० मायक्रॉन × ०.९१८), त्यामुळे लाइन मिनिटाला १२४ मीटरनं धावेल. १२४ भागिले ३.७६ म्हणजे ३३ पट ओढ. गॅप १ मि.मी. केली तर हीच ओढ ४७ पट होते. पडदा जास्त आकसतो, कडा थरथरतात आणि फिल्म लांबीच्या दिशेनं जास्त ओढली गेल्यामुळे उभी फाटते.

पाच, भिंतीवरचा शिअर ताण, म्हणजे माल फटीच्या भिंतीला घासून जाताना पडणारा ताण. इथे दाण्याची चिकणाई (व्हिस्कॉसिटी, वितळलेला माल किती घट्ट आहे ते) लागते, आणि ती एमएफआयमध्ये नसते.

दाण्याचा वक्र मागा

एमएफआय म्हणजे १९० अंशांना २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम दाणा बारीक भोकातून आला तो आकडा. त्या भोकातला शिअर रेट तुमच्या डायच्या मानानं अगदी कमी असतो. वितळलेलं प्लास्टिक पाण्यासारखं नसतं. जितक्या जोरात ढकलाल तितकं पातळ होतं, आणि प्रत्येक दाणा वेगवेगळ्या प्रमाणात. एकच एमएफआय असलेले दोन दाणे डायमध्ये अगदी वेगळे वागू शकतात.

म्हणून विक्रेत्याकडे दाण्याचा व्हिस्कॉसिटी-शिअर रेट वक्र मागा, तोही तुमच्या तापमानाचा. डीलर "असं काही नसतं" म्हणेल. कंपनीच्या तांत्रिक विभागाला ईमेल करा; तिथे असतो. चाचणीच करून घ्यायची असेल तर सिपेटची (प्लास्टिक तंत्रज्ञानाची सरकारी संस्था) केंद्रं चंद्रपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे चौकशी करता येते.

समजा २४० अंशांना ५४० शिअर रेटवर वक्र २४० पास्कल-सेकंद दाखवतो. गुणाकार केला की ताण ०.१३ मेगापास्कल. एलएलडीपीईचा पृष्ठभाग साधारण ०.१४ च्या पुढे खरखरीत व्हायला लागतो, त्याला शार्कस्किन म्हणतात. कास्ट फिल्मला ओढ मोठी आणि तापमान जास्त असल्यामुळे थोडं झाकलं जातं, पण डाय आखतानाच त्या रेषेवर उभं राहू नये. आपण अलीकडे आहोत, पण फार नाही. पुढे ताशी २०० किलो काढायचा बेत असेल तर तो आजच सांगा. डाय आल्यावर नव्हे.

वक्रावरून आणखी एक आकडा काढून ठेवा, पॉवर लॉचा घातांक 'न', म्हणजे जोर वाढला की दाणा किती पातळ होतो ते सांगणारा आकडा. अशा एलएलडीपीईला ०.६ च्या जवळपास येतो. पुढे तो दोनदा लागेल.

तिसरं काम: फीडब्लॉक की मल्टिमॅनिफोल्ड

फीडब्लॉकमध्ये तिन्ही थर डायच्या आधीच एकावर एक येतात आणि एकाच मॅनिफोल्डमधून (माल रुंदीभर पसरवणाऱ्या डायच्या आतल्या वाटेतून) पसरतात. मल्टिमॅनिफोल्डमध्ये प्रत्येक थर स्वतंत्र पसरतो आणि ओठांच्या थोडं आधी भेटतो. दुसरा प्रकार अचूक, पण महाग, जड आणि साफ करायला तिप्पट. तीनही थर एकाच कुळातले पॉलिथिलीन असतील तर फीडब्लॉक पुरतो. लहान लाइनला मी तोच सुचवतो.

अट एक: थरांच्या चिकणाईत दोन-तीन पटींपेक्षा जास्त फरक नको, आणि पातळ दाणा बाहेरच्या थरात, घट्ट दाणा मध्ये. कारण पातळ द्रव नेहमी भिंतीकडे सरकतो आणि घट्ट द्रवाला वेढून घेतो. मधला थर पातळ ठेवला तर तो कडेला बाहेर यायला बघतो. रोलच्या मध्यावर चिकटपणा मिळतो आणि कडेला मिळत नाही. आमच्या पहिल्या डायवर हेच व्हायचं. दोष दाण्याच्या जोडीचा होता, पण फीडब्लॉकमध्ये बदलता येणारे इन्सर्ट (थरांची वाट ठरवणारे तुकडे) नसल्यानं आम्हाला काही दुरुस्तही करता आलं नाही. इन्सर्ट बदलता येतील असाच फीडब्लॉक मागा, आणि कोरे इन्सर्ट दोन जास्त घ्या. इथल्या वायरकटवर (तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर) ते नंतर कापून घेता येतात.

आता झिगझॅगचं. फिल्म उजेडाकडे धरली की कधी बारीक लाटा किंवा व्ही-आकाराच्या रेषा दिसतात. बहुतेकांना वाटतं दाण्यात ओल आहे. खरं कारण बऱ्याचदा दोन थरांच्या सीमेवरचा ताण असतो. फटीत ताण मध्यावर शून्य आणि भिंतीवर पूर्ण असतो, मध्ये सरळ रेषेत वाढत जातो. भिंतीजवळ वितळ हळू चालतो, म्हणून १२ टक्के प्रवाहाला फटीची सुमारे २० टक्के जाडी लागते. सीमा जिथे पडते तिथे ताण भिंतीच्या ५९ टक्के असतो. पैसे वाचवायला चिकट थर ५ टक्क्यांवर आणला की सीमा भिंतीकडे सरकते आणि ताण ७५ टक्क्यांवर जातो. प्लास्टोमरचे दोन रुपये वाचतात आणि फिल्म धुरकट होते. उपाय याच हिशोबातून निघतात: बाहेरचा थर जाड करा, त्याचा दाणा थोडा पातळ घ्या किंवा त्या एक्स्ट्रुडरचं तापमान पाच-दहा अंश वाढवा, नाहीतर वेग उतरवा.

चौथं काम: मॅनिफोल्ड, डायचं पोट

वितळ मध्यातून येतो आणि त्याला साडेबाराशे मिलिमीटरवर सारखा पसरायचा असतो. कोटाच्या हँगरसारखा आकार म्हणून त्याला कोट-हँगर म्हणतात. शेताला पाणी देताना सरीच्या तोंडाशी भरपूर आणि टोकाला कोरडं, अशीच ही अडचण आहे. वाट मध्यापासून टोकाकडे अरुंद होत जाते, आणि मॅनिफोल्डपासून ओठांकडे जाणारा सपाट भाग (प्रीलँड) मध्ये लांब, टोकाला आखूड असतो. मध्याला ओठ जवळ पडतात म्हणून तिथे अडथळा जास्त द्यायचा. टोकाला वितळ आधीच दमून आलेला असतो, तिथे कमी.

ड्रॉइंग तपासायला एक हिशोब पुरतो. मॅनिफोल्डमधला शिअर रेट आणि प्रीलँडमधला शिअर रेट सगळीकडे सारखा ठेवायचा. गोल वाटेसाठी त्रिज्येचा घन = २ × प्रीलँड गॅपचा वर्ग × टोकापासूनचं अंतर ÷ (३ × ३.१४). प्रीलँड गॅप २ मि.मी. धरा:

मध्यावर (टोकापासून ६२५ मि.मी.) त्रिज्या ८.१ मि.मी.
४०० वर ७.०
२०० वर ५.५
५० वर ३.५

प्रत्येक ठिकाणची प्रीलँडची लांबी साधारण १.५ × गॅप × अंतर ÷ त्रिज्या. मध्यावर २३२ मि.मी., ४०० वर १७२, २०० वर १०८. अगदी टोकाला हे सूत्र मोडतं. तिथे किमान त्रिज्या धरून गोलाई द्यावी लागते, नाहीतर कोपऱ्यात माल थांबून जळतो.

या पद्धतीत सगळीकडे शिअर रेट सारखा, म्हणून चिकणाईही सारखी. दाणा बदला, उत्पादन वाढवा-उतरवा, पसरणं फारसं बिघडत नाही. आपल्यासारख्यांना हे मोलाचं आहे, कारण आपण महिन्याला एका ग्रेडवर टिकत नाही; जे गाडीत येतं ते चालवतो. पण किंमत बघा: मध्यावर २३ सेंटिमीटर लांब प्रीलँड. डाय खोल होते, जड होते, दाबानं तोंड उघडायला लागते. म्हणून बरेच टूलरूम मॅनिफोल्ड मोठा घेऊन प्रीलँड आखूड करतात. तेही चालतं, पण मग ती डाय एका विशिष्ट दाण्याला आणि उत्पादनाला बांधली जाते. टूलरूमला सरळ विचारा: "तुम्ही कोणत्या 'न' वर आखलं?" उत्तर आलं नाही तर तिथून उठा. आमच्या पहिल्या डायला मध्याला जाड, कडांना पातळ अशी जी फिल्म यायची, तिचं मूळ इथे होतं आणि आम्ही ते महिनाभर बोल्टात शोधत होतो.

पाचवं काम: ओठ

ओठांची समांतर लांबी (लँड) आपण २० मि.मी. घेऊ. दाबाचा हिशोब: २ × ताण × लांबी ÷ गॅप. २ × ०.१३ × २० ÷ ०.७ म्हणजे सुमारे ७.४ मेगापास्कल, ७४ बार. मॅनिफोल्ड, प्रीलँड, फीडब्लॉक आणि माल गाळणाऱ्या जाळीचा दाब यावर चढतो. एक्स्ट्रुडरला तो झेपतो का, हे गिअरबॉक्सवाल्याला विचारा.

आता डाय माणसाला का छळते ते. फटीतून जाणारा प्रवाह गॅपच्या (२ + १ भागिले न) या घातानं बदलतो. न ०.६ म्हणजे घात ३.६७. गॅप एक टक्का बदलली, म्हणजे फक्त ७ मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, तर त्या जागी फिल्म ३.७ टक्के बदलते. २० मायक्रॉनवर पाऊण मायक्रॉन. आता हे रोलवर मोजा: १५०० मीटरच्या रोलवर फिल्मचे तीन हजारांवर पदर बसतात. एका जागी फक्त ०.४ मायक्रॉन जास्त असेल तर तिथे सव्वा मिलिमीटर उंच कडं उभं राहतं. सुरुवातीला सांगितलेलं कडं ते हेच.

म्हणून लवचीक ओठाची डाय घ्या आणि बोल्टांमधलं अंतर २८ मि.मी.च्या आसपास असू द्या. दर पन्नास मि.मी.वर एक बोल्ट असलेली स्वस्त डाय मिळते. तिच्यावर दोन बोल्टांमधलं कडं कधीच निघत नाही. फक्त ढकलणारे बोल्ट असतील तर ओठाची स्प्रिंग परत येण्यावर भिस्त असते. ढकलणारे-ओढणारे दोन्ही असतील तर बरं. ऑटोमॅटिक डाय बोल्टांना हीटरनं तापवते आणि त्यांच्या प्रसरणानं गॅप बदलते. १०० मि.मी. लांब पोलादी बोल्ट ५० अंश तापवला की जवळपास ०.०६ मि.मी. वाढतो, एवढ्यात काम होतं. पण तिला चालत्या फिल्मची जाडी मोजणारा स्कॅनर लागतो, आणि ताशी दीडशे किलोच्या लाइनला दोन्हीचा खर्च मला पटत नाही.

आत सरकणारे डेकल (डायची टोकं बंद करून रुंदी कमी करणारे तुकडे) मागू नका. रुंदी बदलायला ते सोयीचे वाटतात, पण थरांच्या कडा विस्कटतात आणि कोपऱ्यात माल अडकतो.

सहावं काम: अंग, पोलाद, हीटर

ओठ बारीक, पण डायचं अंग हत्तीचं लागतं. आतला सरासरी दाब ५० बार आणि दाब पडणारी जागा १२५० × २०० मि.मी. धरली तर दोन अर्धे एकमेकांपासून लांब ढकलणारं बळ १२५ टनांपेक्षा जास्त होतं. भरलेले दहा-बारा ट्रक त्या दोन अर्ध्यांमध्ये उभे केल्यासारखं. डाय मध्यावर शिंपल्यासारखी उघडते आणि गॅपचा ७ मायक्रॉनचा हिशोब बोंबलतो. वाक जाडीच्या घनानं कमी होतो. अंग सव्वा पट जाड केलं की वाक जवळपास निम्मा. इथे पोलादाच्या वजनावर घासाघीस करू नका.

पोलाद पी-२० किंवा त्या तोडीचं, आधीच सुमारे ३० एचआरसीपर्यंत (कडकपणाचं माप) कडक केलेलं. आतले प्रवाहाचे पृष्ठभाग हार्ड क्रोम आणि आरशासारखे, आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं माप) ०.१ मायक्रॉनपर्यंत. पॉलिश प्रवाहाच्या दिशेनं झालं पाहिजे. आडव्या रेषांची चमक फोटोत छान दिसते आणि फिल्मवर ओरखडे उठवते.

हीटरचे झोन साधारण २०० मि.मी. रुंदीचे, म्हणजे सहा. प्रत्येकाला स्वतःचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर), ओठांच्या जवळ आणि वितळीच्या वाटेजवळ. एका अंशानं चिकणाई साधारण सव्वा ते दीड टक्क्यानं बदलते. शेजारच्या झोनमध्ये दोन अंशांचा खरा फरक असेल तर फिल्मवर तीन टक्क्यांचा पट्टा उठतो, आणि माणूस तो बोल्टानं झाकायला जातो.

अशी डाय सातशे किलोच्या आसपास भरते. तिला २४० अंशांना न्यायला वीस-एकवीस युनिट वीज लागते. कंट्रोलर २४० दाखवतो तेव्हा बाहेरचं कातडं तापलेलं असतं, पोट नाही. त्यानंतर दोन तास थांबा. बॉडी बोल्ट गरम असतानाच, मध्यापासून टोकांकडे, टॉर्क रेंचनं आवळा, उच्च तापमानाचं अँटिसीझ (बोल्ट अडकू न देणारं वंगण) लावून.

प्रसरणही लक्षात घ्या. १२५० मि.मी.ची डाय ३० वरून २४० अंशांवर गेली की तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लांबते. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर ती वाकते. मध्य पक्का करा, टोकांना सरकायला जागा ठेवा. आमच्या फॅब्रिकेटरनं प्रेमानं चार वेल्डिंग जास्त मारली होती, ती कापायला एक रविवार गेला.

सातवं काम: पहिली फिल्म आणि गॅप बसवणं

थंड डायवर पितळी फीलर गेजनं गॅप सगळीकडे सारखी करा. मग तापवा, पुन्हा तपासा. पोलादी पत्ती ओठांत घालू नका. एक ओरखडा आणि आयुष्यभराची रेघ.

स्कॅनर नसेल तर वजनावर चाला. चालत्या फिल्मची पूर्ण रुंदीची पट्टी घ्या, तिचे १० × १० सें.मी. तुकडे कापा. २० मायक्रॉनचा तुकडा ०.१८४ ग्रॅम भरायला हवा. सोनाराकडे असतो तसा एक मिलिग्रॅमचा काटा लागतो, तोही पंखा बंद करून. आधी ही ढोबळ वजनं सरळ करा, मग मायक्रोमीटरनं दर ३० मि.मी.वर मोजा.

कुठला बोल्ट फिल्मवर कुठे उतरतो, हे आकसण्यामुळे सरळ नसतं. कडेला जास्त सरकतं. एका वेळी एकच बोल्ट, आठवा हिस्सा फेरा, मग पाच मिनिटं थांबा. घाईत तीन बोल्ट फिरवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काही कळत नाही. बोल्टांचे आकडे डायवर पंच करा आणि प्रत्येक फेऱ्याची नोंद वहीत ठेवा.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, म्हणून शेडमध्ये मोठा कूलर लावला जातो आणि ऑपरेटर बिचारा तो स्वतःकडे फिरवतो. डाय आणि चिल रोलमधला तो हातभरही नसलेला पडदा वाऱ्यावर डोलतो, ओठांची एक बाजू गार पडते, आणि फिल्मवर जो पट्टा येतो तो कूलर बंद केला की जातो. मी एकदा अर्धा दिवस झोनचे थर्मोकपल बदलत बसलो होतो. कूलर ठेवा, माणसाला मारू नका. पण डायच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा करा.

चिल रोलचं पाणी २० ते २५ अंशांचं लागतं, म्हणजे चिलर आलाच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी थेट घातलं तर रोलच्या आत क्षार बसतो, रोल एका बाजूला गरम राहतो आणि लोक पुन्हा डायकडे बोट दाखवतात. मऊ केलेलं पाणी, बंद फेऱ्यात.

आणि शेजारी जिनिंग असेल तर हॉपरला झाकण. कापसाची पिंजण दाण्यात उडून येते, जळते, जाळी तुंबवते आणि फिल्मवर काळे ठिपके देते.

वीज गेली तर

खरं तर या प्रश्नाला डाय आखतानाच उत्तर द्यायचं असतं. माल जिथे थांबतो तिथे जळतो. म्हणून मॅनिफोल्डच्या टोकांना गोलाई, फीडब्लॉकमध्ये कुठेही धारदार खाच नाही, आणि जोडाच्या जागा घट्ट. ज्या डायमध्ये कोपरे आहेत तिथून प्रत्येक वीजखंडानंतर दोन दिवस जेल (प्लास्टिकच्या बारीक गाठी) निघत राहतात.

पाच-दहा मिनिटांचा खंड असेल तर वीज येताच हळू वेगानं चालू करा. अर्ध्या तासावर गेला तर हीटर उतरवा. वीज परतल्यावर डायचं तापमान स्थिर होईपर्यंत स्क्रू फिरवू नका. थंड मालावर स्क्रू फिरला तर दाब एकदम चढतो. डायच्या आधी दाबाचा सेन्सर आणि त्यावर आपोआप बंद होण्याची सोय हवीच. जाळी फुटलेली स्वस्त, डाय उघडलेली नाही. ठरवून बंद करताना शेवटची वीस मिनिटं अँटिऑक्सिडंट मिसळलेला एलडीपीई चालवा आणि तोच आत भरलेला ठेवा. तो एलएलडीपीईपेक्षा कमी त्रास देतो, आणि पुढच्या वेळी लवकर निघतो.

साफसफाईला तांब्याची किंवा पितळी पट्टी, सुती चिंधी आणि गरम डाय. हातमोजे कोपरापर्यंत. ओठांवर साचलेली काजळी दर पाळीला एकाच दिशेनं, मध्यातून कडेकडे पुसायची.

पावसाळ्यात डाय उतरवून ठेवायची वेळ आली तर ती पूर्ण साफ करून, गरम असतानाच आतून तेलाचा पातळ हात द्या. क्रोमला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, ओल तिथून आत जाते आणि गंज खालून वर येतो. ओठांवर लाकडी पट्टी बांधा, गंजरोधक कागदात गुंडाळा, आणि जमिनीवर नव्हे, लाकडावर ठेवा. बोल्टांच्या स्थितीची वहीही त्याच पेटीत.